बायकांचे ८२ अंगरखे, ४७ जोड वहाणा: ख्रिस्ती धर्म पसरला तो कुणाच्या घरातून?

जुनी_वही

तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढली. पुराचे, आगीचे, जप्तीचे पंचनामे इतके लिहिले की आजही जुना कागद समोर आला की नजर आधी यादीवर जाते. जप्तीत ताटं किती निघाली ते पाहिलं की घरात जेवणारी तोंडं किती ते कळतं.

निवृत्तीनंतर रोमन साम्राज्याचा इतिहास वाचतो आहे. त्यात एक पंचनामा हाती लागला आणि दोन दिवस त्यातच होतो.

तारीख १९ मे ३०३. गाव सिर्ता, उत्तर आफ्रिकेतल्या नुमिडिया प्रांतातलं, म्हणजे आजच्या अल्जेरियातलं कॉन्स्टन्टीन. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सम्राट डायोक्लेशियनचा हुकूम निघाला होता: ख्रिस्ती लोकांची प्रार्थनाघरं पाडा, धर्मग्रंथ जाळा. सिर्त्याचा नगरप्रमुख मुनाटियस फेलिक्स माणसं घेऊन ख्रिस्ती लोक जमत त्या घरी गेला. बिशप पौल तिथं बसलेले होते. ग्रंथ काढा म्हटल्यावर ते म्हणाले, ग्रंथ वाचकांकडे, म्हणजे प्रार्थनेत ते वाचून दाखवणाऱ्यांकडे, आहेत. मग इथं जे आहे ते काढा, असं फेलिक्सनं सांगितलं, आणि लेखनिकानं यादी केली.

सोन्याचे पेले २. चांदीचे पेले ६. चांदीचे घडे ६. चांदीचं पातेलं १. चांदीचे दिवे ७. काशाचे दिवे, साखळ्यांसकट, ११. बायकांचे अंगरखे ८२. डोक्यावरून घ्यायची वस्त्रं ३८. पुरुषांचे अंगरखे १६. पुरुषांच्या वहाणा १३ जोड. बायकांच्या वहाणा ४७ जोड.

पुढं जेवणघरात चार मोठे रांजण आणि सहा पिंपं निघाली. ग्रंथांची कपाटं रिकामी होती.

बिशपच्या हाताखालच्या दोन उपसेवकांनी नंतर एक चांदीची पेटी आणि एक चांदीचा दिवा आणून दिला, पिंपामागं सापडला म्हणून. त्यावर हजर असलेला एकजण म्हणतो, "हे सापडलं नसतं तर मेला असतात." हेही लेखनिकानं टिपलंय. पंचनामा असा असावा.

माझं मन अडकलं ते ८२ आकड्यावर. एवढे बायकांचे कपडे प्रार्थनेच्या घरात कशाला? बरेच इतिहासकार ते गोरगरिबांना वाटायचे कपडे मानतात. विधवा, निराधार बायका, टाकलेल्या बायका. रांजणांत काय होतं ते लिहिलेलं नाही, पण रांजण शोभेला ठेवत नाहीत.

शाळेत आपण एका ओळीत शिकलो की सम्राट कॉन्स्टन्टाइन ख्रिस्ती झाला आणि साम्राज्य ख्रिस्ती झालं. त्याचं हे वळण ज्या लढाईशी जोडतात ती मिल्वियन पुलावरची लढाई ३१२ सालची. सिर्त्याची जप्ती त्याच्या नऊ वर्षं आधीची. म्हणजे सम्राट येण्याआधी आफ्रिकेतल्या एका आतल्या शहरात या लोकांकडे कोठार होतं, वाटपाची व्यवस्था होती, ग्रंथ सांभाळणारे वाचक होते, सेवक होते. माझं म्हणणं एवढंच आहे की हा धर्म पसरला तो या कोठारातून. चौकातल्या भाषणांचा वाटा मला फार वाटत नाही.

रोमचा बिशप कॉर्नेलियस याचं २५१ च्या सुमाराचं एक पत्र आहे. त्यात त्यानं आपल्या मंडळीचा, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती समुदायाचा, हिशेब दिलाय: ज्येष्ठ पुरोहित ४६, सेवक ७, उपसेवक ७, त्यांचे मदतनीस ४२, भूत उतरवणारे, वाचक आणि दारवान मिळून ५२. आणि मंडळीच्या अन्नावर जगणाऱ्या विधवा नि गरजू १,५०० हून अधिक. राजाश्रय शून्य, उलट छळाचे दिवस, आणि दीड हजार माणसं रोज पोसायची. मी रेशनची कामं पाहिलीत. दीड हजार माणसांचं धान्य नियमित वाटणं ही काय चीज आहे ते मला ठाऊक आहे.

ज्यांना या काळाची माहिती आहे त्यांनी भर घालावी. विरोधी मत असेल तर तेही लिहावं.

---

उलटतपासणी

धागा आवडला, पण निष्कर्षाशी सहमत नाही. ३०३ मध्ये साम्राज्यात ख्रिस्ती किती होते? समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांचं गणित प्रसिद्ध आहे. इ.स. ४० मध्ये हजार माणसं धरा आणि दर दहा वर्षांनी ४० टक्के वाढ धरा. इ.स. १०० ला साडेसात हजार होतात, २०० ला दोन लाख अठरा हजारांच्या आसपास, आणि ३०० ला त्रेसष्ट लाख. साम्राज्याची लोकसंख्या ६ कोटी धरली तर जेमतेम दहा टक्के. हे सगळे अंदाज आहेत, शिरगणती कुणी केलेली नाही. पण अंदाज बरोबर धरला तरी नव्वद टक्के लोक तेव्हा बाहेरच होते. त्यांना आत आणलं ते सत्तेनं.

३१३ मध्ये मोकळीक मिळाली, धर्मगुरूंना नगरसेवेच्या सक्तीतून सूट मिळाली, जमिनी आणि इमारती मिळाल्या. ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसनं निकियाच्या धर्मसभेत ठरलेल्या ख्रिस्ती श्रद्धेला राजमान्यता दिली. ३९१ पासून जुन्या देवतांच्या पूजेवर बंदी. अलेक्झांड्रियाचं सेरापिसचं भव्य देऊळ त्याच सुमारास पाडलं गेलं. ४१५ मध्ये हायपेशिया या विदुषीला ख्रिस्ती जमावानं ठार केलं. कोठाराची गोष्ट सांगताना ही गोष्ट सुटता कामा नये.

---

जुनी_वही

उलटतपासणी, तुमची तक्रार रास्त आहे. ३१३ नंतरची वाढ सत्तेच्या छायेत झाली, आणि ३९१ नंतर जे झालं त्यात जबरदस्ती होती. हायपेशियाचा खून तर मला वाचवत नाही. तो मी कुठल्याही कारणानं सौम्य करणार नाही.

पण तुमच्याच गणितात पहिली २६० वर्षं आहेत. हजाराचे त्रेसष्ट लाख झाले ते कुणाच्या हुकमानं? ४० टक्के मोठे वाटतात, वर्षाला काढले तर साडेतीन टक्केसुद्धा नाहीत. शंभर माणसांच्या वस्तीत वर्षाला तीन-चार नवी माणसं. शेजारीण येते, सून येते, कामावरचा सोबती येतो. एवढ्या गतीला चमत्कार लागत नाही, फक्त खंड पडता कामा नये. तो पडू दिला नाही कुणी, हा माझा प्रश्न आहे.

---

निळा_पारवा

माझा ग्रीकचा थोडा अभ्यास आहे, म्हणून सुरुवातीच्या दिवसांबद्दल लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. ही यहुद्यांच्या घरातली चळवळ होती. येशू यहुदी, त्याचे शिष्य यहुदी, गावोगाव हा धर्म नेणारा पहिल्या शतकातला पौल (सिर्त्याचा बिशप नव्हे) तोही यहुदी. भूमध्य समुद्राभोवती शहराशहरांत यहुद्यांची सभास्थानं होती, आणि त्यांचा धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आधीच भाषांतरित झालेला होता. तिथं यहुदी नसलेले, पण एकच देव मानणारे ग्रीकही येऊन बसत. पौल नव्या गावात गेला की आधी सभास्थानात जाई. रस्ता आधीच मळलेला होता.

त्याचा धंदा राहुट्या शिवण्याचा. करिंथमध्ये तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे उतरला, कारण त्यांचाही धंदा तोच. दिवसभर कातडं किंवा जाड कापड शिवायचं, आणि दुकानात येईल त्याच्याशी बोलायचं. करिंथच्या त्या मुक्कामाचा काळ आपण बराच नेमका सांगू शकतो, कारण तिथला राज्यपाल गॅलियो याचं नाव डेल्फीच्या शिलालेखात आलंय. साल ५१-५२ च्या आसपास. फिलिप्पैमध्ये पहिली घर उघडते ती लुदिया, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी थुवतीरची बाई. रोमकरांना पत्र लिहिताना तो ज्या फिबीची शिफारस करतो ती किंख्रियाच्या मंडळीची सेविका. बायकांच्या वहाणा ४७ जोड निघाल्या याचं मला नवल वाटलं नाही ते यामुळे.

दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकारानं ख्रिस्ती लोकांना नावं ठेवली की लोकर विंचरणारे, चांभार आणि धोबी घरोघरी जाऊन बायकापोरांना शिकवतात. त्याला ती शिवी वाटली. मला ते या धर्माच्या प्रसाराचं सगळ्यात अचूक वर्णन वाटतं.

---

पाणपोई

मी परिचारिका आहे. इतिहास शिकलेली नाही. पण तिसऱ्या शतकातल्या साथीबद्दल वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती, म्हणून लिहिते.

२५० च्या आसपास सुरू झालेली ही साथ बरीच वर्षं चालली. कार्थेजचा बिशप सिप्रियन यानं लक्षणं लिहून ठेवलीत. सततचे जुलाब, थांबत नाही अशी उलटी, घशात आग, रक्ताळलेले डोळे, काहींचे हातपाय सडून जात. रोग कोणता ते आजही ठरत नाही. पण जुलाब आणि उलटीच्या रोग्याचं काय होतं ते मला माहीत आहे. अंगातलं पाणी जातं. कुणी उशाशी बसून घोट-घोट पाणी पाजलं, अंथरूण बदललं, पेज भरवली तर त्यातले बरेच वाचतात. औषध नसलं तरी वाचतात. एकटं टाकलं तर जातात.

अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की लोक आजाऱ्यांना घरातून ढकलून देत होते, अर्धमेल्यांना रस्त्यावर टाकत होते. आपली माणसं मात्र शुश्रूषा करत राहिली आणि त्यातच कित्येक मेली. मेलेल्याचे डोळे आणि तोंड मिटवायचं, खांद्यावर न्यायचं, न्हाऊ घालायचं, कफनात गुंडाळायचं. आणि लवकरच हे करणाऱ्यासाठी दुसऱ्या कुणीतरी हेच करायचं. तो स्वतः बिशप होता, आपल्या माणसांबद्दल चांगलं लिहिणारच. पण डोळे मिटवण्याचा तपशील जवळून पाहिल्याशिवाय कुणी लिहीत नाही.

२०२० मध्ये मी वॉर्डात होते. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. एका आजोबांचे डोळे मी हातमोज्यांनी मिटवले. त्यांची मुलगी बाहेर जिन्यावर उभी होती. तिनं मला एकच विचारलं, शेवटी पाणी पाजलं का? हो म्हटलं. त्यानंतर ती दर दिवाळीला फोन करते. तेव्हाच्या अलेक्झांड्रियात ज्याला परक्यानं पाणी पाजलं आणि जो वाचला, तो नंतर कुणाच्या घरी जाऊन बसला असेल हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

---

उलटतपासणी

पाणपोई ताई, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. साथीबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे.

तरी छळाच्या बाजूबद्दल एक भर घालतो, कारण तिथं सगळेच ताठ उभे राहिले असं चित्र रंगवलं जातं. साथीच्याच सुमारास डेसियस सम्राटानं फर्मान काढलं की प्रत्येकानं देवांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडलेत. एक २६ जून २५० चा आहे. अर्जदार ऑरेलियस डायोजेनिस, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. "मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आणि आता आपल्यासमोर फर्मानाप्रमाणे बळी दिला, अर्पणाचं मद्य ओतलं, प्रसादाचं मांस चाखलं. कृपया साक्षांकित करावं." हा म्हातारा ख्रिस्ती होता की नव्हता ते कागदावरून कळत नाही, फर्मान सगळ्यांनाच होतं. पण असे दाखले घेणारे ख्रिस्ती भरपूर होते. काहींनी पैसे देऊन नुसता कागद मिळवला. फर्मानाचा जोर ओसरल्यावर हे सगळे परत दारात उभे राहिले, आणि घ्यायचं की नाही यावरून मंडळ्या फुटल्या.

---

जुनी_वही

भुवईवरचा व्रण! ओळखचिन्ह लिहायची पद्धत अठराशे वर्षांत फारशी बदललेली नाही. आमच्या अर्जांतही "डाव्या गालावर तीळ" असायचंच.

परत आलेल्यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. सिप्रियननं कडक प्रायश्चित्त सांगितलं, पण दार बंद केलं नाही. त्यानं स्वतः मात्र कच खाल्ली नाही, १४ सप्टेंबर २५८ ला त्याचा शिरच्छेद झाला. पडलेल्या माणसाला परत घेणारी मंडळी टिकते. ज्यांनी नाही घेतलं ते गट कालांतरानं आक्रसत गेले, त्यातले काही शतकानुशतकं टिकले हेही खरं.

---

खाडीपलीकडे

वसईकडून लिहितो आहे. आमच्या वाडवडिलांनी १६ व्या शतकात पोर्तुगीज अमलात हा धर्म घेतला, ते मी लपवत नाही. पण "ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगिजांबरोबर आलेले" असं लहानपणापासून ऐकलंय, आणि ते या किनाऱ्यापुरतंसुद्धा पूर्ण खरं नाही.

सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी, पुढं संन्यासी झालेला, लिहून गेलाय की मिरी पिकते त्या मलबारात ख्रिस्ती मंडळी आहे आणि कल्लियाना नावाच्या ठिकाणी बिशप आहे, त्याची नेमणूक इराणातून होते. कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कल्याणची खाडी, सोपारा, भडोच ही बंदरं रोमन जगाला पहिल्या शतकापासून ठाऊक होती. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावं कोरलेली आहेतच. माल यायचा त्याच गलबतांतून माणसं यायची, आणि माणसांबरोबर त्यांची प्रार्थना. येशूचा शिष्य थोमा केरळात आला ही तिथली परंपरा तर सर्वांना माहीत आहे. एडेसा शहरात तिसऱ्या शतकात लिहिलेल्या थोमाच्या कथेत गुंडफर राजा येतो. ती कथा म्हणून वाचावी, पण त्या राजाची नाणी खरोखर सापडलीत.

मला इथं जोर द्यायचाय तो इराणावर. सगळे रोमकडे बघतात. इराणी साम्राज्यात सिरियाई भाषेत उपासना करणारे ख्रिस्ती होते, तिथल्या गादीवर ख्रिस्ती राजा नव्हता. उलट कॉन्स्टन्टाइन ख्रिस्ती झाल्यावर इराणच्या शापूर दुसऱ्याला हे लोक शत्रूची माणसं वाटू लागली आणि ३४० च्या सुमारास त्यांच्यावर मोठा छळ सुरू झाला. तरी त्यांची मंडळी पुढं मध्य आशियातून चीनपर्यंत गेली. १३२१ मध्ये युरोपातले फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला उतरले तेव्हा त्यांना आसरा दिला तो तिथल्या याच पूर्वेकडच्या ख्रिस्ती घरानं. पोर्तुगीज यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती.

उलटतपासणी, सत्तेनं आणलं हे रोमपुरतं बरंचसं लागू पडतं. अक्सुमला, म्हणजे इथिओपियात, राजा एझानानं नाण्यांवर चंद्रकोरीच्या जागी क्रूस आणला, तिथंही लागू पडतं. ठाण्याच्या त्या घराला लागू पडत नाही.

---

उलटतपासणी

हे मला माहीत नव्हतं. पूर्वेकडच्या मंडळींबद्दल माझा मुद्दा मी मागे घेतो.

---

निळा_पारवा

घरांचाच विषय निघालाय तर ड्युरा-युरोपसचं घर सांगितल्याशिवाय राहवत नाही. सीरियात युफ्रेटिसच्या काठी रोमन सरहद्दीवरचं गाव. २४० च्या सुमारास तिथं एका साध्या घरातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठी खोली केली. साठ-सत्तर माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी. दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, वर कमान, भिंतींवर चित्रं: मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, खाट उचलून चालू लागलेला पांगळा, पाण्यावरून चालणारे येशू आणि पेत्र, हातात दिवे घेऊन कबरीकडे निघालेल्या बायका. त्याच गावात जवळच यहुद्यांचं सभास्थान आणि मिथ्रा या देवाचं मंदिर. २५६ मध्ये इराणी सैन्यानं वेढा घातला तेव्हा तट भक्कम करायला रोमनांनी लगतच्या घरांत माती भरली. त्यामुळे ते सगळं मातीखाली जसंच्या तसं राहिलं. १९३२ मध्ये बाहेर काढलं.

बाहेरून ते शेजारच्या घरांसारखंच दिसत असणार. कुठं जायचं ते सांगणारं कुणी ओळखीचं असल्याशिवाय सापडलं नसतं.

मुलींबद्दलही लिहायचं राहिलं. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला एक पत्र सापडलंय, इ.स.पू. १ मधलं. हिलारियन नावाचा माणूस अलेक्झांड्रियाहून गरोदर बायकोला लिहितो: तू म्हणालीस विसरू नका, मी तुला कसा विसरेन? काळजी करू नकोस. आणि त्याच पत्रात: मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. तो दुष्ट माणूस नव्हता, त्या जगाची ती रीतच होती. यहुदी लोक ती पाळत नसत, आणि त्यांच्याकडून ख्रिस्ती लोकांनी तो नकार उचलला. ज्या वस्तीत मुली टाकत नाहीत त्या वस्तीत तीन पिढ्यांनी काय फरक पडेल याचं गणित मांडायला नको.

---

पाणपोई

जुनी वही, त्या सिर्त्याच्या पंचनाम्यात पुढं काय झालं? ग्रंथ सापडले का?

---

जुनी_वही

सापडले. फेलिक्सनं वाचकांची नावं विचारली तेव्हा दोन उपसेवक म्हणाले, "आम्ही फितूर नाही. इथं उभे आहोत, मारायचा हुकूम द्या." त्यांना अटक झाली. पण नावं दुसऱ्यांकडून निघाली, आणि मग फेलिक्स घरोघरी फिरला. कुणी चार ग्रंथ काढून दिले, कुणी पाच, कुणी आठ. हा कागद आपल्यापर्यंत पोहोचला तोही भांडणामुळे. ज्यांनी ग्रंथ दिले त्यांना बिशप होता येईल का, यावर आफ्रिकेतली मंडळी उभी फुटली. पिंपामागून दिवा काढणाऱ्या दोघांपैकी एकजण, सिल्व्हानस, पुढं सिर्त्याचा बिशप झाला होता. ३२० मध्ये त्याच्याविरुद्धच्या चौकशीत हा पंचनामा पुरावा म्हणून वाचला गेला.

शेवटचं घर कोडेओ नावाच्या वाचकाचं. तो घरी नव्हता. त्याच्या बायकोनं सहा ग्रंथ आणून ठेवले. फेलिक्स म्हणाला, आणखी असतील, बघ. ती म्हणाली, मी शोधलं. फेलिक्सनं नगराचा गुलाम बोस याला आत पाठवलं. तो बाहेर येऊन म्हणाला, शोधलं, सापडलं नाही.

लेखनिकानं कोडेओचं नाव लिहिलंय, बोसचंही लिहिलंय. तिचं लिहिलेलं नाही.